ग्राहकाने कसं पडावं

हॉटेलात, दुकानात, लग्नाच्या लॉन्सवर पडायची वेळ कधी ना कधी प्रत्येकावर येते. पडण्याची रीत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत तरी ती पाळलीच पाहिजे, कारण इथे प्रत्येक मालक कुणाचा तरी मामेसासरा असतो आणि तुम्ही त्या कुणाचे तरी साडू निघता.

आमचा मुलूख केळीचा, पण सालीवरून घसरलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. माणसं घसरतात ती हायवेवरच्या हॉटेलात, हात धुवायच्या बेसिनपाशी. शेवभाजीची तर्री सांडलेली असते, पोऱ्याने तिच्यावर ओलं फडकं फिरवून तेल सगळीकडे सारखं पसरवलेलं असतं, आणि खाली तोंड दिसेल अशा चकचकीत टाइल्स. बेसिनपाशी खरबरीत टाइल्स लावतात हे मालकालाही माहीत आहे. पण खरबरीत टाइल्स चमकत नाहीत.

तर तिथे पडलात की लगेच उठा. हाड मोडलं आहे का हे नंतर बघता येतं. उठताना "काही नाही, काही नाही" म्हणत राहा. गल्ल्यावरून मालक आबांचा "देखीसन चाल ना भो!" असा आवाज येईल. त्याला "हो आबा, माझंच लक्ष नव्हतं" एवढं मोठ्याने उत्तर द्या. जखमी माणसाची स्वतःची चूक किती, हे बघून भरपाई कमी करतात. ती चूक तुम्ही भरल्या हॉटेलात कबूल केलीत की आबांच्या वकिलाला पुढे फारसं काम उरत नाही. कुणा आगाऊ पोराने फरशीचा फोटो काढायला मोबाइल काढलाच, तर त्याला आवरा. ओली फरशी, तिच्यावरचं तेल आणि इशाऱ्याची पाटी कुठेच नाही, असा तारीख-वेळेसकट फोटो ही फार असभ्य वस्तू आहे.

बिल चुरगाळून फेका. सेवेतली त्रुटी म्हणजे नुसती कच्ची भाकरी नव्हे, निष्काळजीपणामुळे ग्राहकाला झालेली इजाही त्यातच येते, असं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहून ठेवलं आहे. खिशात बिल सापडलं की तुम्ही ग्राहक ठरता. एकदा ग्राहक ठरलात की नात्यात वितुष्ट आलंच.

दवाखान्यात डॉक्टर विचारतील, कुठे पडलात? "घरीच, बाथरूममध्ये." खान्देशातल्या निम्म्या मोडलेल्या मनगटांचा केसपेपर हेच सांगत असेल, अशी मला दाट शंका आहे. खरं सांगितलंत तर ते कागदावर येतं. फ्रॅक्चर कायद्याने गंभीर दुखापतीत मोडतं, आणि निष्काळजीपणाने दुसऱ्याला गंभीर दुखापत करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आबांना या वयात कैद? त्यांना शुगर आहे.

आता कूलर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या कूलरजवळची खुर्ची मिळणं हा मानच असतो. त्या पत्र्याला हात लावू नका, एवढं तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. ओलाव्याने मोटारीच्या वायंडिंगचं इन्सुलेशन खराब होतं आणि करंट पत्र्यात उतरतो. त्याला जमिनीत जायला अर्थिंगची वायर असते, पण प्लगची तिसरी जाड पिन बोर्डात बसत नव्हती म्हणून ती कधीच कापून टाकलेली आहे. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच आपोआप बंद होणारा स्विच, बसवली तर पत्र्याला हात लागताक्षणी लाइन तुटते आणि माणूस वाचतो. एका मालकाने ती बसवली होती म्हणे. पण ती सारखी पडायची, धंदा खोळंबायचा, म्हणून काढली. ती पडत होती कारण करंट खरंच गळत होता, असा विचार करायला सीझनमध्ये वेळ कुणाला असतो? तेव्हा तुम्हीच जपा. चप्पल काढू नका, आणि झटका बसलाच तर हसून "कूलर चांगला चालतोय" म्हणा.

लग्नात तर तोंडच उघडू नका. गालिच्याखालून नेलेल्या वायरीत पाय अडकून पडलात, तरी पैसे वधूपित्याने भरलेत, आपला काय संबंध, असं म्हणा. कायदा म्हणतो की पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच. पण वऱ्हाडी माणसाने मांडवात असलं काही बोलू नये, पुढच्या पंगतीत वाढप्या तुमच्या ताटावरून वरण न वाढताच पुढे जाईल.

वादळात दुकानाची पाटी डोक्यावर आली, तर वाऱ्याला शिव्या द्या. दिल्लीत चांदणी चौकातला पालिकेचा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये उलटंच म्हटलं: मनोरा कोसळला यातच हयगय दिसते, ती झाली नाही हे मालकाने दाखवावं. मनोरा ८० वर्षांचा होता आणि त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. आपल्याकडच्या पाट्यांचे खिळे कधीचे आहेत, हे विचारायला जाऊ नका.

"जबाबदारी ग्राहकाची राहील" ही पाटी दिसली की नमस्कार करा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका मोठ्या हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेलेल्या मोटारीबद्दल सांगितलं, की स्वतःची हयगय असेल तर असल्या सूचनेच्या आड हॉटेलला लपता येत नाही. पण ती मोटार होती. माकडहाडाला तेवढी किंमत कुठली?

खरा धोका पुण्यात इंजिनिअर असलेल्या मुलाचा. तो फोनवरच सांगेल की तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, आणि पडलात जळगावात तरी शिरपूरला राहता म्हणून धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्याचं ऐकून घ्या आणि म्हणा, "बेटा, तुझ्या लग्नाचं हॉल बुकिंग आबांकडेच आहे."

तरी त्याने नोटीस पाठवलीच, तर घाबरू नका. चार दिवसांत मध्यस्थीला तात्या येतील, आबांकडचे आणि तुमच्याकडचेही. चहा होईल. "पोरगं आहे, रक्त गरम आहे" यावर दोन्ही बाजूंचं एकमत होईल. प्लास्टर, एक्स-रे, फिजिओथेरपी हे शब्द कुणी काढणार नाही. तुम्हीही काढू नका. निघताना आबा अर्धा किलो शेव हातात देतील आणि पैसे घेणार नाहीत. साधी की तिखट, एवढंच विचारतील. तिखट सांगा.