बेनिनची बी अडली, सुहासची झोप उडली

"बेनिनवाले स्वतःला समजतात कोण?" पारावर टेकायच्या आधीच सुहासने सुरुवात केली. "आफ्रिकेतला एवढासा देश, आणि एप्रिल २०२४ पासून कच्ची काजूबी देशाबाहेर द्यायची नाही म्हणे. मग आम्ही काय बोंडू चोखत बसायचं?"

सुहासच्या काजू सोलायच्या कारखान्याचं गणित इथे सगळ्यांना पाठ आहे. उन्हाळ्यात आपल्याकडची बी, ती संपली की आफ्रिकेचा कंटेनर. तो आला नाही तर पावसाळ्यात यंत्रं झाकून ठेवायची.

अण्णांनी घसा खाकरला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते शेअरबाजाराचा गुलाबी पेपर काखेत मारून हिंडतात आणि पाऊस लांबला तरी त्याला बाजारच जबाबदार धरतात. "तुलनात्मक लाभ म्हणून एक तत्त्व आहे. ज्याला जे जमतं ते त्याने करावं. ते पिकवतात, आपण सोलतो. बाजाराला आपलं काम करू द्या."

"आणि तेंका सोलूक जमणा नाय, ह्या ठरवल्यान कोणी?" बाबल म्हणाला. "तुमच्या पणजोबांका येत होता काय? झाडच मुळात फिरंग्यांनी ब्राझीलसून हाडलेला."

बाबलची वेंगुर्ला-४ आणि ७ या काजूच्या जातींची बाग आहे. बेनिनवरचं त्याचं प्रेम शुद्ध स्वार्थी आहे, आणि तो ते लपवतही नाही. बाहेरची बी कमी आली की त्याच्या बीला दर. गोव्यात आधारभाव आणि आपल्याला २०२४ च्या हंगामात किलोमागे १० रुपयांचं अनुदान, हे तुणतुणं तर त्याचं बारमाही.

सुहास पेटला. "अरे, आपण त्यांना मदतच करत होतो! २००८ मध्ये मनमोहन सिंगांनी आफ्रिकेच्या परिषदेत जाहीर केलं होतं ना, गरीब देशांच्या मालाला जकातीत सवलत. कापूस, कोको, काजू..."

"बीवर जकात किती?" मी विचारलं.

"एरवी अडीच टक्के."

"आणि सोललेल्या गरावर?"

सुहास चहावाल्याकडे बघायला लागला. मीच सांगितलं, २०१९ च्या अर्थसंकल्पात ४५ ची ७० टक्के केली.

"म्हणजे तेंच्या पोरान शाळेत येवचा," बाबल म्हणाला, "पण वर्ग झाडूक."

अण्णासुद्धा हसले. सुहास नाही हसला. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हेही लिहायला हवं. "ती ७० टक्के काढा," तो म्हणाला, "उद्या व्हिएतनामचा यंत्रावर सोललेला गर येईल आणि माझ्या कारखान्यातल्या बायका घरी बसतील. टरफलाच्या तेलाने त्यांची बोटं काळी पडतात, सालं जातात, खोबरेल चोळून चोळूनही काळेपणा जात नाही. लग्नाकार्यात पदराखाली हात धरतात. तरी सोमवारी हजर. का? दुसरं काम आहे कुठे?"

यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मी आफ्रिकेतल्याच मोझांबिकचं काढलं. त्यांच्याकडे काजूचे कारखाने होते, कामगार होते. १९९५ मध्ये जागतिक बँकेने कर्जासाठी अट घातली की कच्च्या बीवरचा निर्यात कर उतरवा, शेतकऱ्याला जास्त दर मिळेल. कर उतरला, बी बाहेर चालली, कारखाने बंद पडले, दहाएक हजार माणसं घरी बसली. शेतकऱ्याच्या पदरात किती पडलं? नंतर अभ्यासकांनी हिशेब मांडला तर घरामागे वर्षाला पाचएक डॉलर.

"आणि ती बी गेली खंय?" बाबलने विचारलं.

"भारतात."

बाबलने सुहासकडे बघून हात जोडले.

"जागतिक बँकेने काही विचार करूनच..." अण्णा.

"अण्णा, तुमी बँकेच्या विचाराचा बोलूच नुको," बाबल उसळला. "प्रोसेसिंगसाठी कर्ज मागूक इलंय तेव्हा काय म्हटलात? तारण काय! बाग हा, म्हटलंय. तर म्हणे, कारखान्याचो अनुभव हा? कारखानो नाय तर अनुभव खयसून हाडू? बेनिनवाल्यांका तुमी भेटलात नाय ता बरा झाला."

ही जखम जुनी. बाबलने तेव्हा फाइल अण्णांच्या टेबलावर आपटली होती, आणि अण्णांचा चष्मा त्यात गेला होता की आधीच फुटलेला होता, यावर अजून एकमत नाही.

बेनिनने कोटोनूजवळ ग्लो-जिग्बेला वसाहत काढलीय, आपली एमआयडीसीच म्हणा. काजू तिथेच सोलायचे, तिथल्याच कापसाचे कपडेही तिथेच शिवायचे. सुहासने शेवटचा पत्ता टाकला, "आणि तिथला शेतकरी? बाहेरचं गिऱ्हाईक तोडलं की कारखानेवाला देईल तोच दर. बंदी कारखान्याच्या भल्याची, बागायतदाराच्या नाही."

मुद्दा बिनतोड होता. बाबलने मान डोलावली.

"खरा हा. माका म्हायती हा. हयसर तो कारखानेवालो तूच मरे! वर काटो मारतंस तो येगळोच."

"काटा सरकारी शिक्क्याचा आहे!"

"शिक्को सरकारी, बोट तुजा."

इथून पुढे बेनिन राहिला बाजूला. गेल्या हंगामातली पोती निघाली, त्यातली ओली किती नि वाळलेली किती, सुहासच्या मेव्हण्याने ट्रकभाडं कोणाकडून घेतलं, सगळं निघालं. काळोख पडायला लागला तसे अण्णा उठले आणि जाता जाता सुहासच्या कानाशी लागले. आवाज त्यांच्या मते हळू होता.

"चिरंजीव येतायत पुण्याहून. अर्धा किलो अख्खे लागतील. आपल्या नेहमीच्या भावाने."

"नेहमीचा म्हणजे?"

"म्हणजे... पारावरच्या दोस्तांचा."

"बाजाराला आपलं काम करू द्या, अण्णा," सुहास म्हणाला.

"आणि उधार व्हयो असात," बाबल पारावरून ओरडला, "तर आधी तारण घे रे तेंच्याकडसून!"