निधनवार्तेत न मावलेले आप्पा

आमचे आप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर त्यांची निधनवार्ता आली. यादवनगर येथील अमुक यांचे वयाच्या 68 व्या वर्षी अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, विवाहित मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे, रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमी येथे आहे. चार ओळींत चूक एकही नव्हती. त्याच पानावर एक निवृत्त मुख्याध्यापक होते, एक माजी सरपंच होते, एक प्रगतशील शेतकरी होते आणि बाकीचे सगळे आप्पांसारखे, म्हणजे कुणाचे तरी पती आणि कुणाचे तरी वडील. या माणसांनी चाळीस-चाळीस वर्षे सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडून नेमके काय केले, हे त्या पानावरून कळायला मार्ग नव्हता.

आप्पा मोल्डर होते, म्हणजे वितळलेला धातू ओतायचे वाळूचे साचे बांधणारे कारागीर. राधानगरी तालुक्यातून दहावीला गटांगळी खाऊन 1975 साली ते कोल्हापुरात आले आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळू चाळायला लागले. तो काळ ऑईल इंजिनांचा होता. विहिरीवरचे पाणी उपसायला शेतकऱ्याला इंजिन हवे होते आणि त्या इंजिनाचे फ्लायव्हील, सिलिंडर हेड, पंपाची बॉडी असे सगळे बिडाचे भाग आधी वाळूच्या साच्यात ओतावे लागत. पुढे वाहनांच्या सुट्या भागांची कामे वाढली, फौंड्र्या शिरोली एमआयडीसीत गेल्या आणि आप्पांची सायकलही तावडे हॉटेलवरून, पंचगंगेचा पूल ओलांडून तिकडे जाऊ लागली. सुट्टी सोमवारी असायची, त्यामुळे रविवारी वडील घरात असतात ही गोष्ट मला बराच काळ फक्त मास्तरांच्या घरची वाटत असे.

साचा बांधणे म्हणजे काय, हे मी शाळेत असताना एकदा डबा पोचवायला गेलो तेव्हा पाहिले. फळीवर लाकडी पॅटर्न, म्हणजे हव्या त्या भागाचा नमुना, ठेवून त्याभोवती लोखंडी पेटी बसवायची, पॅटर्नला लागून बारीक चाळलेली वाळू आणि तिच्यावर जाडी वाळू भरायची, मग रॅमरने ती कडेकडेने ठोकत आत यायचे. कमी ठोकली तर धातूच्या वजनाने साचा फुगतो, जास्त ठोकली तर आतला वायू बाहेर पडत नाही आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, पोकळी राहते. म्हणून वरून सळईने वायूला वाटा पाडायच्या. पेटी उलटी करून दुसरी पेटी तिच्यावर बांधायची, धातू आत येण्याची वाट कापायची आणि शेवटी पॅटर्नला हलके टिचके मारून तो असा उचलायचा की वाळूचा एकही कंगोरा ढासळू नये. आप्पा हे करताना श्वास रोखून धरत. मला त्या क्षणी ते देवघरातल्या माणसासारखे वाटले होते, आणि लगेच त्यांनी मदतनिसाला अशी शिवी हासडली की ती उपमा मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

खरे कसब वाळूच्या ओलीचे. आज मोठ्या फौंड्रीत त्यासाठी यंत्र असते, प्रयोगशाळा असते. आप्पांकडे मूठ होती. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची आणि तो मुटका दोन बोटांनी मधोमध मोडायचा. कडा स्वच्छ तुटली आणि तळव्याला ओल चिकटली नाही, तर वाळू जमली. तेराशे अंशांच्या वरचा धातू ओल्या वाळूला टेकला की ओलीची वाफ होते. ती थोडी असली तर कास्टिंगला फोड येतात, जास्त असली तर धातू उसळून अंगावर येतो. त्यांच्या डाव्या पायाच्या पंजावर चिंचोक्याएवढे चार डाग होते. ते कशाचे, असे विचारले की ते म्हणत, “घाई क्येली व्हती एकदा.”

2019 च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने 39 फुटांची इशारा पातळी, मग 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शेवटी ते 55 फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. सारे कोल्हापूर दूध, पाणी आणि पेट्रोलच्या काळजीत होते. निवृत्त होऊन सहा वर्षे झालेले आप्पा मात्र जुन्या सोबत्याला फोन करून विचारत होते, “शेड गळत्या का? वाळू झाकल्याय न्हवं?” त्या वाळूशी आता त्यांचा काडीचा संबंध नव्हता, असे मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

संबंध नव्हता हे कागदावर मात्र फार आधीपासून खरे होते. पहिली वीस वर्षे ते वेगवेगळ्या ठिकाणी रोजंदारीवर राबले आणि कुठल्याच मालकाने त्यांचे नाव भविष्य निर्वाह निधीत घातले नाही. ते नाव लागले 1996 मध्ये, म्हणजे 38 वर्षांच्या नोकरीपैकी पेन्शनच्या हिशेबात 17 वर्षेच धरली गेली. हिशेब सोपा असतो: पेन्शनला धरलेला पगार गुणिले वर्षे भागिले सत्तर. त्या वेळी पगाराची मर्यादा 6,500 रुपयांची असल्याने उत्तर महिना पंधराशे-सोळाशेच्या आसपास आले. आता आईला त्याचे निम्मे मिळायचे, पण 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपयांची केल्यामुळे तिला हजार रुपये मिळतात. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी ती रिक्षाने जाऊन येते, तेव्हा त्यातलेच पैसे मोडतात.

शेवटच्या तीन-चार वर्षांत त्यांना जिना चढताना धाप लागे. दवाखान्यात तंबाखू खाता का, विडी ओढता का, घरात कुणाला दमा होता का, सगळे विचारून झाले. काय काम करत होता, हे कुणी विचारले नाही, आणि माझी चूक अशी की मीही ते आपणहून सांगितले नाही. वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसे निकामी होतात, त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, कायद्यात त्याची कामामुळे होणारा आजार म्हणून नोंद आहे आणि त्यासाठी भरपाईही मागता येते, हे सगळे मला ते गेल्यावर वाचून कळले. त्यांना तोच आजार होता, असे मी म्हणू शकत नाही, कारण त्या दृष्टीने तपासणीच झाली नाही. कागदावर दमा आहे.

म्हणून मला निधनवार्तेतल्या त्या चार ओळी सोडवत नाहीत. कोल्हापूरच्या उद्योगाचा इतिहास सांगताना आपण योग्य अभिमानाने शाहू महाराजांनी 1906 साली उभारलेल्या मिलपासून सुरुवात करतो, मग कारखानदारांची नावे घेतो, आणि त्यांचे श्रेय मी नाकारत नाही. पण त्या कारखान्यात साचा कुणी बांधला, हे लिहायची आपल्याला सवयच नाही. मुख्याध्यापकाचे पद मेल्यावरही त्याच्या नावापुढे राहते आणि मोल्डरचे काम निवृत्तीच्या दिवशी गेटवर जमा होते. याला केवळ वर्तमानपत्र जबाबदार नाही. मजकूर तर मीच लिहून दिला होता. त्यात ‘मोल्डर’ लिहायचे मला सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर क्षणभर सुचले तेव्हा ते बरे दिसेल का, असा विचार मी केला.

आमच्या स्वयंपाकघरात एक बिडाचा तवा आहे. ओतकाम झाल्यावर लॅडलमध्ये, म्हणजे धातू ओतायच्या मोठ्या पळ्यात, उरलेल्या धातूतून, मालकाला विचारून, आप्पांनी तो माझ्या जन्माच्या वर्षी ओतला. त्याच्या पाठीवर, कडेपासून दोन बोटांवर, एक फोड आहे. आई घावन घालायला तो काढी आणि पाहुणे तव्याचे कौतुक करीत, तेव्हा आप्पा तो तवा उलटा करून फोड दाखवीत आणि सांगत, “वाळू वल्ली व्हती.” तव्याच्या पुढच्या बाजूविषयी ते कधीच काही बोलले नाहीत.

वर्षश्राद्धाला मी फोटोसह जाहिरात द्यायची ठरवली. या वेळी मजकुरात स्पष्ट लिहिले: ‘उद्यमनगर व शिरोली येथील कुशल मोल्डर’. काउंटरवरच्या मुलाने मोल्डर म्हणजे काय, असे विचारले; मी त्याला पेटी, वाळू, रॅमर असे दहा मिनिटे समजावून सांगितले आणि त्यानेही ते मन लावून ऐकले. दुसऱ्या दिवशी छापून आले: ‘कुशल बिल्डर’. सकाळपासून चार फोन आले, त्यांतल्या एकाने आप्पांच्या साइट कुठे-कुठे होत्या, अशी विचारणा केली. मी संतापून दुरुस्ती छापायला लावण्यासाठी निघालो, तर आईने पदर तोंडाला लावला, आणि ती रडते आहे असे समजून मी थांबलो. ती हसत होती. म्हणाली, “ह्यो पेपर जपून ठेव. एवढं मोठं त्यास्नी कुणी केलं न्हवतं.”