आजी गेली म्हणजे कुठं गेली?

काल संध्याकाळी साडेसहाला पाच किलो ज्वारी घेऊन गिरणीत गेलो आणि सव्वानऊला घरी परतलो. ज्वारी दळायला लागली फार तर दहा मिनिटं. उरलेला वेळ मी दळला गेलो.

मागची हकीकत पटकन उरकतो. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि वाचलेल्या पुस्तकांबद्दल ऑनलाइन चार ओळी लिहितो, सोबत तारे देतो. महिन्यापूर्वी एका जाडजूड कादंबरीला ३ तारे दिले. पानं ६१२, किंमत साडेसातशे, पैसे माझे. लिहिलं एवढंच, की भाषा देखणी आहे, पण पान २१४ वर नायकाची आजी वारते आणि पान ३४० वर तीच आजी अंगणात बसून पापड लाटते; संपादकाने एवढं तरी बघायला हवं होतं. त्यावर ८७ अनोळखी माणसं बोलली.

पैकी बऱ्याच जणांना पीडीएफ हवी होती. पुस्तक चांगलं म्हणा, वाईट म्हणा, चुलीत घाला म्हणा, खालून प्रश्न ठरलेला: पीडीएफ मिळेल का? मराठी पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षं लागतात ती उगाच नाही. एकाने 'खूप छान लिहिता ताई' म्हटलं. माझ्या फोटोत मिशा आहेत. एकाने 'भूगोलाच्या मास्तराने नकाशे बघावेत' असं सुचवलं. एक म्हणाला, आधी स्वतः सहाशे पानं लिहून दाखवा. या हिशेबाने मे महिन्यात सोलापूरच्या उन्हाला नावं ठेवायची तर आधी सूर्य व्हावं लागेल.

एका गृहस्थांनी माझं शुद्धलेखन काढलं. त्यांच्या स्वतःच्या मजकुरात 'नांव', 'कांहीं', 'पांच' असे शब्द होते. ते अनुस्वार १९६२ च्या नियमांनी रजेवर पाठवले. या माणसाने ते घरी नेऊन फडताळात जपून ठेवले असावेत.

पण खरा छळ केला तो 'निःशब्द' नावाच्या इसमाने. फोटोच्या जागी सूर्यफूल. नाव निःशब्द, आणि एकट्याच्या प्रतिक्रिया १४. 'आजी मरत नसते. आजी म्हणजे संस्कृती.' मी रात्री पावणेदोनला उत्तर दिलं की संस्कृती उडदाचे पापड लाटत नाही. रात्री पावणेदोनला! सकाळी सातला माझा पहिला तास असतो. त्यावर त्यांचं आलं: 'मी हे पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही, पण तुमच्यासारख्यांमुळेच मराठी मरते आहे.' ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते हो. आणि मराठी मारली ती मी.

असो. गिरणी.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली ही गिरणी म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना, त्यामुळे मागांची खडखड आणि गिरणीचा घर्र आवाज एकमेकांत मिसळून इथे खासगी असं काही बोलताच येत नाही. 'बारीक की जाड' हे सुद्धा भांडल्यासारखं विचारावं लागतं. गिरणीवाल्या अण्णांच्या भुवया, कान, गळ्यातला रुद्राक्ष, सगळं पांढरं. ज्वारी ओतण्याआधी ते मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मारतात आणि 'मालदांडी हाय का?' असं विचारतात. 'नाही' म्हटलं की गप्प बसतात. तेवढ्याने माणूस पुढच्या वेळी मंगळवेढ्याची घेऊन येतो.

काल मात्र त्यांनी ज्वारीकडे पाहिलंच नाही. दुधाच्या रिकाम्या पिशवीत मोबाइल होता. पीठ जाऊ नये म्हणून तोंडाला रबर लावलेलं. त्या पिशवीवरूनच अंगठा सरकवत ते ओरडले,

"सर! तुम्हाला लोकं लै बोलूलालेत की ओ!"

रांगेतले बारा-तेरा चेहरे माझ्याकडे वळले. मी हसून हात झटकला. आणि मग अण्णांनी जे केलं ते मी या गिरणीत अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी गिरणी बंद केली.

पट्टा फटफट करत थांबला. नेमका कारखान्यातही पाळी बदलायचा सुमार होता की काय, तिकडेही सामसूम. अशी शांतता मी पूर्व भागात ऐकली नव्हती.

"पोरानं दाखवलं," अण्णा म्हणाले. "रोज रात्री बघतो. मालिका सोडली आम्ही. तो फुलाचा फोटोवाला हाय बघा, काय बोलतंय!"

"तुम्ही माझं परीक्षण वाचलंत?" मी विचारलं. लेखक नावाचा प्राणी कुठे आशा लावून बसेल सांगता येत नाही.

"ते वरचं नाही वाचलो. लांब हाय. खालचं सगळं वाचलो."

मग त्यांनी डब्यातलं चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळलं. "राग मानू नका सर. पीठ दहा-पंधरा दिवस पडून राहिलं की विरी जाते. भाकरी थापताना तुटते. तुमच्या उत्तराला तसंच हाय. विरी नाही. त्याच्या बोलण्याला बघा कसली हाय!"

मी काय बोलणार? पूर्वीच्या लेखकांचा हेवा वाटला. तेव्हाही वाचक चिडायचाच, पण त्याला पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आणावं लागे, पत्ता शोधावा लागे, पेटीपर्यंत चालत जावं लागे. निम्मा राग वाटेतल्या चहाच्या टपरीवर उतरायचा. उरलेल्या निम्म्याला कार्डावर जागा पुरायची नाही, म्हणून तो कडेने आडवा लिहिलेला असायचा. आता राग आणि अंगठा यांच्यात टपरीच राहिली नाही. आणि मुख्य म्हणजे ते पोस्टकार्ड पोस्टमन गिरणीवाल्याला वाचून दाखवत नसे.

"कोण गेलंय ओ?" मागून आवाज आला. विड्या देऊन परत निघालेली एक मावशी होती. एका काखेत विड्यांची रिकामी टोपली, दुसरीकडे गव्हाचा डबा.

"आजी," अण्णा म्हणाले.

"कुणाची?"

"सरांची."

"माझी नाही, पुस्तकातली!"

"अगं आई! कधी?"

"पान दोनशे चौदा," अण्णांनी सांगितलं. खालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचून त्यांना पाठ झालं होतं.

मावशीने डबा खाली ठेवला. आता हे प्रकरण बसून ऐकायचं होतं. "मेली असं लिहिलंय का त्यात?"

"थेट तसं नाही," मी म्हणालो. "'पहाटे आजी गेली' असं वाक्य आहे."

"मग गेली म्हणजे कुठं गेली?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"माझी सासू दर एकादशीला पहाटेच जायची पंढरपूरला," मावशी म्हणाली. "आम्ही काय तेरावं घातलं होय?"

गिरणीत जो हशा झाला तो मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांतला होता. सोलापुरात राहण्याचा हा फायदा असतो. इथे माणसाची फजिती भाषांतराविना सगळ्यांना समजते. एका काकूंनी मागच्या बाईला कन्नडमध्ये काहीतरी समजावून सांगितलं. त्यातला 'सर' एवढाच शब्द मला कळला, बाकीचं त्यांच्या पदरामागच्या हसण्यावरून कळलं.

"पुस्तकाच्या भाषेत 'गेली' म्हणजे—" मी भूगोल शिकवायच्या आवाजात सुरुवात केली.

"आणि आज्या दोन असतात की सर," कोपऱ्यातला कॉलेजचा पोरगा म्हणाला. "एक आईकडची, एक वडिलांकडची. एक गेली, दुसरी पापड लाटलाली."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. पिठाचा ढग उठला. "बरोबर हाय! हे त्या फुलवाल्याला पण सुचलं नाही बघा." मग जरा गंभीर होऊन, "सर, मी २००६ ला इथं साहित्य संमेलन झालं तेव्हा मंडपात होतो. चितमपल्ली सर अध्यक्ष होते. आपल्या सोलापूरचे. जवळनं बघितलोय. त्यांना कुणी असं बोललं नाही."

चितमपल्ली सरांनी जन्मभर पक्ष्यांवर आणि रानावर लिहिलं. माळढोक पक्षी खाली येऊन 'तुमची निरीक्षणाची पातळी कळली' असं लिहीत नाही. पण हे मी मनात म्हटलं.

खरं सांगायचं तर इथवर मलाही मजा येत होती. साडेसातशे रुपये आणि तीन संध्याकाळी घालवून मी जे लिहिलं त्याबद्दल एका खोलीत तेरा माणसं भांडत होती, हे मला इतर कुठे मिळालं असतं? फक्त त्या तेरांपैकी एकानेही पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि माझं परीक्षणही. वाचणारा मी एकटा होतो आणि चुकलो होतो तोही मीच. याचा राग अजून गेलेला नाही. गेला म्हणजे कुठे जाणार?

घोटाळा पुढे झाला. अण्णांनी पिशवीतल्या मोबाइलवर आणखी काहीतरी काढलं. नकाशावर त्यांच्या गिरणीलाही लोक तारे देतात. सगळीकडे पाच, आणि एका गिऱ्हाइकाने एक तारा देऊन लिहिलेलं: 'पीठ जाड आले.'

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?" मी अगदी मनापासून विचारलं. शिकण्यासारखं काही असलं तर हवंच होतं.

"काही नाही. ते अजून इथंच येतंय दळायला. मी काही बोललो नाही. फक्त त्याचा डबा शेवटी लावतो."

सगळे पुन्हा हसले. मीही. तेवढ्यात ते म्हणाले, "सर, तुम्ही आमच्या गिरणीला किती द्याल?"

इथे शहाणा माणूस पाच म्हणतो. लहान पोरसुद्धा पाच म्हणतं. पण तारे द्यायची सवय लागलेल्या माणसाची जीभ सरळ राहत नाही. मला दिवाळीच्या आधीचं ते दळण आठवलं, ज्वारीत कुणाचा तरी गहू मिसळून आलेलं, आणि मी म्हणून गेलो, "चार."

"चार?"

"म्हणजे साडेचार. पण अर्धा देता येत नाही ना, म्हणून—"

"एक कुठं गेला?"

मावशीसुद्धा गप्प झाली. अण्णांनी मोबाइलच्या पिशवीला रबर लावलं, उठले, बटण दाबलं. गिरणी सुरू झाली. मग त्यांनी माझा डबा उचलला. त्यावरचं नाव पुसट झालंय म्हणून ते दर वेळी खडूने 'सर' लिहितात. काल त्यांनी '४' लिहिलं आणि डबा भिंतीच्या टोकाला, मिरच्या कांडायच्या यंत्रापलीकडे नेऊन ठेवला.

माझ्यानंतर आलेली सात माणसं माझ्याआधी गेली. मावशी जाताना म्हणाली, "येते सर. येते म्हटलं हां, गेली म्हणू नका." कॉलेजचा पोरगा गेला. साडेआठला एक बाई हरभऱ्याची डाळ घेऊन आली, अण्णांनी तिचं बेसन आधी काढलं. मी मिरचीच्या यंत्राजवळ शिंकत उभा होतो. मोबाइल वाजला: निःशब्द यांनी पंधरावी प्रतिक्रिया दिली होती. 'काय मास्तर, गप्प का?'

घरी पोचलो तेव्हा बायकोने वाट बघून कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटात वाढून ठेवली होती. कडक भाकरीचं बरं असतं, ती महिनाभर रुसत नाही. मी हात न धुताच पुस्तक काढलं. पान २१४. 'पहाटे आजी गेली. बाबांनी तिची काठी कोपऱ्यात उभी करून ठेवली.'

"बघ!" मी म्हणालो. "काठी न घेता कोणी पंढरपूरला जातं का? मेलीच ती."

बायकोने भाकरीचा तुकडा मोडला. कडकन आवाज झाला. "एसटीत विसरायची भीती वाटली असेल," ती म्हणाली. "आणि डब्यावर हा चार कसला?"