दंडावरची ‘चिप’ आणि चाळीस दिवसांचा काढा

‘कंपन्या आपल्या लेकरांच्या दंडाला चिप चिकटवून त्यांना जन्माचं गिऱ्हाईक करत आहेत’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मलाही तो आला होता, मी पुसून टाकला होता. या वेळी तो माझ्या मावसबहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोचला. त्यांच्या आठवीतल्या नातवाला दिवाळीनंतर टाइप वन डायबेटीस निघालाय. त्यांनी सुनेला विचारलं, “रात्रीचं इंजेक्शन चाळीस दिवस बंद ठेवून बघायचं का गं? काढा तर घरचाच आहे.” प्रश्न मायेपोटी होता, म्हणून त्यांच्यावर राग नाही. मेसेज लिहिणाऱ्यावर आहे. मी स्वतः लहानपणापासून टाइप वन आहे, माझ्या दंडावर आत्ताही साखर सतत मोजणारा सेन्सर आहे (मेसेजमधली ‘चिप’ ती हीच), त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा कुणी ठेवू नये.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. डायबेटीस चुकीच्या खाण्याने होतो. इन्सुलिनची सवय लागते. सेन्सरची चिप शरीरात किरणं सोडते आणि तिचे आकडेही खोटे असतात. सगळं महागडं थोतांड आहे. तेव्हा सेन्सर आणि इन्सुलिन दोन्ही सोडा आणि भेंडीचं पाणी, कारलं, जांभळाच्या बियांचा काढा ४० दिवस घ्या. ‘नगरचा एक मुलगा’ असाच बरा झाला. आणि साखर बघायचीच असेल तर न टोचता बघणारं घड्याळ घ्या, लिंक खाली आहे.

किरणांचं आधी उरकते. सेन्सर बसवताना जी सुई दिसते ती लगेच बाहेर येते. कातडीखाली राहतो तो साधारण ५ मिलिमीटरचा, केसाहून थोडा जाड, लवचिक तंतू. त्यावरच्या एन्झाइमशी ग्लुकोजची प्रक्रिया होते, अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. आकडा मोबाइलवर जातो तो ब्लूटूथने. ज्या मोबाइलवर हा मेसेज वाचला त्याच मोबाइलमध्ये तेच ब्लूटूथ आहे, आणि तो तर आपण उशाशी घेऊन झोपतो.

आता इन्सुलिन. बाकीचे मुद्दे नुसते अडाणी आहेत, हा मुद्दा जीवघेणा आहे.

टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते. इन्सुलिन बनवणारा कारखानाच बंद. त्यात पेढे खाल्ल्याचा काही संबंध नाही, आईच्या लाडांचा नाही. जे शरीरात बनत नाही ते बाहेरून घ्यावं लागतं; याला सवय म्हणायचं तर श्वास घेण्याचंही व्यसन लागतं म्हणा. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी डॉक्टरांकडे एकच उपाय होता : मुलाला जवळजवळ उपाशी ठेवायचं, म्हणजे मरण थोडं लांबतं. काढे तेव्हाही होते. कारलं काही १९२२ नंतर उगवलेलं नाही.

“पण रात्री तो खातच नाही, मग रात्रीचं इंजेक्शन कशाला?” हा आजींचा पुढचा प्रश्न. बरोबर जागी बोट ठेवणारा. उत्तर असं की पोट रिकामं असलं तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं. त्यावर लगाम ठेवणारं ते रात्रीचं, म्हणजे बेसल इन्सुलिन. ते काढलं की रक्तात साखर तुंबते, पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं साठतात. मग उलट्या, पोटात कळा, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. घरचे म्हणतात पित्त झालं, लिंबूपाणी द्या. इथे तासांचा हिशोब असतो. सेन्सर साखर दाखवतो, कीटोन दाखवत नाही; म्हणून टाइप वनच्या घरात लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या हव्यात. आणि साखर चढलेली असताना उलट्या सुरू झाल्या तर काढाही नको, लिंबूपाणीही नको, थेट हॉस्पिटल.

‘करून बघायला काय जातं’ म्हणणाऱ्यांसाठी एक खटला सांगते. ऑक्टोबर २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या विल्टशर इथे एक निवासी शिबिर होतं. अंगावर थापट्या मारून शरीरातलं ‘विष’ बाहेर काढायचं, अशी उपचारपद्धत. चालवणाऱ्याचं नाव होंगची शाओ. शिबिरात टाइप वन असलेल्या ७१ वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. सुयांना त्या कंटाळलेल्या होत्या, त्यांनी इन्सुलिन थांबवलं. उलट्या झाल्या, अशक्तपणा आला, तेव्हा हे बरं होण्याचंच लक्षण आहे असं मानलं गेलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या. २०२४ मध्ये विंचेस्टरच्या न्यायालयाने शाओला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून १० वर्षांची शिक्षा सुनावली. त्याआधी २०१५ मध्ये याच माणसाच्या सिडनीतल्या कार्यशाळेनंतर टाइप वन असलेला ६ वर्षांचा मुलगा दगावला होता. त्या प्रकरणातही तो दोषी ठरला. मेसेजमध्ये ४० दिवस लिहिलेत. त्या बाईंना चार मिळाले.

मग नगरचा तो मुलगा? असेलही. कारण टाइप वन निघाल्यावर, इन्सुलिन सुरू केलं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना जरा उसंत मिळते आणि त्या काही काळ पुन्हा काम करतात. डोस अगदी दोन-चार युनिटांवर येतो, क्वचित तेवढाही लागत नाही. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. कुणाचा काही आठवडे टिकतो, कुणाचा काही महिने, कधी त्याहून जास्त. या काळात मुलाला जे द्याल त्याला श्रेय मिळतं. कारलं दिलं तर कारल्याला, अंगारा लावला तर अंगाऱ्याला. व्हिडिओ याच काळात निघतो. हनिमून संपल्यावरचा व्हिडिओ कुणी टाकत नाही. आणि हो, टाइप टूमध्ये वजन उतरवून काही जणांची साखर औषधांशिवाय आटोक्यात येते, हे खरं आहे, त्यावर चांगलं संशोधनही झालंय. पण तो आजार वेगळा. मेसेजवाल्याने एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपवली आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. फॉरवर्डला कायदा कोण विचारतो?

आकडे खोटे असतात, यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. मेसेजमध्ये फोटो आहे : बोट टोचून १४८, सेन्सरवर ११९. असं होतं. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. तो पेशींभोवतालच्या द्रवातली मोजतो, आणि रक्तातला बदल तिथे पोचायला पाचदहा मिनिटं लागतात. जेवणानंतर साखर चढत असताना बोट पुढे, सेन्सर मागे. फोटोत आकड्याशेजारी वर जाणारा बाण स्पष्ट दिसतोय, तो वाचायची तसदी मात्र घेतलेली नाही. त्या कुशीवर झोपलं, दंड दाबला गेला, की खोटा ‘लो’ (साखर फार उतरल्याचा इशारा) दाखवून सेन्सर रात्री दोनला घर उठवतो. पहिल्या दिवशी तो भरकटतो. काही सेन्सर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनेही फसतात. म्हणून नियम साधा : अंगाला वाटतंय एक आणि सेन्सर सांगतोय दुसरं, तर बोट टोचा. बाय द वे, चांगल्या ग्लुकोमीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मानकांनुसार चालतो. बोटाचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

मला आकड्यापेक्षा आलेख महत्त्वाचा वाटतो. चतुर्थीच्या दिवशी ‘हलकं काहीतरी’ म्हणून दिलेली साबुदाण्याची खिचडी काय करते, हे बोट टोचून मला कधी नीट कळलं नव्हतं. सेन्सरवर तो कडा बघितला आणि खिचडीसाठी डोस कधी आणि किती घ्यायचा ते बदललं. खिचडी सोडलेली नाही.

महाग? आहेच. दोन आठवडे चालणाऱ्या एका सेन्सरला पाच हजारांच्या आसपास पडतात, आणि बहुतेक घरांत ते स्वतःच्या खिशातून जातात. डिंकाने कातडी लाल होते, सततच्या अलार्मने आईबापांची झोप उडते, हेही खरं. ज्यांना परवडत नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. बोट टोचून, वही ठेवून माणसं दशकानुदशकं नीट जगली आहेत, मीही त्यातच वाढले. सेन्सरशिवाय जगता येतं. इन्सुलिनशिवाय येत नाही. मेसेजवाल्याने हे दोन्ही एकाच वाक्यात ‘सोडा’ म्हणून बसवलंय, त्याचा खरा गुन्हा हा.

राहिलं घड्याळ. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता : कातडी न टोचता स्वतः साखर मोजणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. दंडावरच्या सेन्सरचा आकडा मनगटावर दाखवणारं घड्याळ वेगळं, ते चालतं. लिंकमधलं घड्याळ नुसता आकडा दाखवतं. त्यावर २४० बघून मुलाला इन्सुलिन दिलं आणि खरी साखर ९० निघाली, तर अर्ध्यापाऊण तासात मुलगा थरथरत, घामाघूम होऊन खाली बसेल, वेळेत साखर मिळाली नाही तर बेशुद्ध पडेल. मावसबहिणीच्या दिरांनी ते मागवलं होतं. ऑर्डर रद्द करायला लावली आहे.