व्हीबायोस काढता येतो, म्हणून तो कुठेही चढवता येतो असे नाही

‘लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचा खरा वेग कंपनीने दाबून ठेवलेला असतो, त्याच कार्डाच्या दुसऱ्या महागड्या मॉडेलची बायोस अपडेट फाइल उतरवा, तिला रॉम फाइलचे नाव द्या, ५५ एए शोधून आतला व्हीबायोस कापा आणि फ्लॅश करा, बिघडले तर जुना परत टाका,’ असा एक संदेश फिरतो आहे. (बायोस म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम, व्हीबायोस म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा तसाच प्रोग्राम, रॉम म्हणजे तो साठवणारी चिप, ५५ एए ही अशा प्रोग्रामच्या सुरुवातीची खूण आणि फ्लॅश करणे म्हणजे तो चिपवर नव्याने लिहिणे.) भाच्याने तो पाठवून ‘मामा, आज करून पाहतो’ असे कळवले नसते, तर मी त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

यातला एक भाग, नाइलाजाने का होईना, मान्य करावा लागतो. पुष्कळ लॅपटॉपांत ग्राफिक्स चिपला स्वतंत्र रॉम नसतो. तिचा व्हीबायोस मुख्य बायोसच्या पोटात असतो. लिनक्समधील ‘रेडिऑन’ ड्रायव्हरचा सोर्स कोड वाचला तर दिसते की, तो ड्रायव्हर व्हीबायोस आधी एसीपीआय या बायोसशी बोलण्याच्या व्यवस्थेतल्या ‘एटीआरएम’ मार्गाने फर्मवेअरकडे, म्हणजे मुख्य बायोसकडे, मागतो आणि कार्डाच्या रॉमकडे नंतर वळतो. व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला, कार्ड जोडताना व्हीबायोसची वेगळी काढलेली प्रत उपयोगी पडते, त्यामुळे ती काढण्यात गैर काही नाही.

नाव बदलण्याच्या सल्ल्यावर फार शब्द खर्चायला नकोत: अपडेट फाइलच्या आतले भाग बहुधा एलझेडएमए या फाइल लहान करण्याच्या पद्धतीने आवळलेले असतात आणि ‘यूईएफआयटूल’सारख्या साधनाने ते उलगडल्याशिवाय हाती काही लागत नाही. ५५ एए ही खूण तर नेटवर्क कार्डाच्या रॉमलाही असते. खरी ओळख पुढे पटते: सुरुवातीपासून १८ हेक्स (सोळाच्या पटीतल्या मोजणीत १८) या जागी दिलेला पत्ता ‘पीसीआयआर’ या अक्षरांपाशी नेतो आणि त्यांच्या लगेच पुढे एनव्हिडियासाठी डीई १०, एएमडीसाठी ०२ १० असे उलट क्रमातले बाइट दिसतात. पहिल्या तुकड्यामागे यूईएफआयचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोससाठीचा, दुसरा तुकडा असू शकतो. तो न घेता कापले तर प्रत अर्धवट राहते.

पण सर्वांत घातक आहे ते ‘त्याच कार्डाचे दुसरे मॉडेल’. आरटीएक्स ३०८० हे एकच नाव मिरवणारी लॅपटॉप चिप कुठे ८० वॅटवर बसवलेली असते, तर कुठे १५० वॅटवर. ही मर्यादा कंपनीने कंजूषपणाने लपवलेली नसून त्या बोर्डाचा वीजपुरवठा आणि पंखे पाहून ठरवलेली असते. व्हीबायोसमध्ये मेमरीच्या वेळा आणि डिस्प्लेची जोडणीही त्याच बोर्डापुरती लिहिलेली असते. ती चुकली तर वेग राहो दूर, पडदाही उजळणार नाही.

आणि ‘जुना परत टाका’ म्हणजे कुठून आणणार? व्हीबायोस मुख्य बायोसमध्ये असेल, तर मुख्य बायोसची चिपच पुन्हा लिहावी लागते. २०१३ नंतरच्या ज्या इंटेल लॅपटॉपांत उत्पादकाने बूट गार्ड (सुरू होताना बायोसची डिजिटल सही तपासणारी सोय) कायमचे चालू केले आहे, तिथे त्याच्या कक्षेतल्या भागाची सही जुळली नाही तर यंत्र सुरूच होत नाही. मग प्रोग्रामर नावाचे चिप लिहिणारे बाहेरचे उपकरण चिपला लावावे लागते. आणि त्या लॅपटॉपचा अनुक्रमांक, विंडोजची की अशी चिपमधली खास माहिती अपडेट फाइलमध्ये नसते. चिपची स्वतःची पूर्ण प्रत आधी काढून ठेवा, हे वाक्य त्या संदेशात कुठेही नाही.