रक्तात लोह आहे म्हणून चुंबक रक्त ओढतो? नाही ओढत

एक मेसेज खूप फिरतोय. रक्तात लोह असतं, चुंबक लोह ओढतो, म्हणून मनगटावर नाहीतर छातीवर चुंबक बांधला की रक्त जोरात फिरतं. खाली आणखी जोडलंय की चुंबक कुठलाही चालेल, सगळे सारखेच, आणि त्याची ताकद कधी संपत नाही.

आधी रक्ताचं बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, एवढं खरंय, पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. खिळ्यात लोखंडाचे अणू एकमेकांना खेटून असतात, प्रत्येक अणू म्हणजे एक बारीकसा चुंबक, आणि आजूबाजूचे असंख्य अणू एकाच दिशेला तोंड करून त्यांचे गट बनतात, त्यांना डोमेन म्हणतात, बाहेरून चुंबक जवळ आणला की हे गट त्याच्या बाजूने होतात आणि खिळा खेचला जातो. रक्तातलं लोह असतं हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनात. त्याच्या एका रेणूत लोहाचे अणू फक्त ४, तेही एकमेकांपासून लांब, प्रथिनात बसलेले. डोमेन बनणार कुठून? लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्येच मोजून दाखवलंय की ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक ओढत नाही, उलट अगदी किंचित ढकलतो. ऑक्सिजन सुटला की त्याला थोडी ओढ येते, पण रक्तात बहुतेक पाणीच आणि पाण्यालाही चुंबक किंचित ढकलतोच.

एमआरआय आठवा ना. तिथला चुंबक १.५ किंवा ३ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट, लोखंडी सिलिंडर दारातून उडून आत जाईल इतका, आणि माणूस त्यात शांत पडून असतो. मनगटावर नाहीतर छातीवर बांधायच्या पट्ट्यातला चुंबक याच्यापुढे काहीच नाही.

आणि नुसतं लोह असून भागत नाही हे स्टीलच्या भांड्यातही दिसतं. बऱ्याच भांड्यांचं स्टील बहुतांश लोखंडच असतं, पण निकेलमुळे अणूंची मांडणी बदलते आणि चुंबक चिकटत नाही.

"सगळे सारखेच" तर अजिबात नाही. स्पीकरमागचा काळा चुंबक फेराइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनवलेला असतो, स्वस्त, गंजत नाही, पण ताकद बेताची. अल्निको हा ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचा चुंबक उष्णता खूप सोसतो. नियोडायमियम धातू घालून केलेला चुंबक १९८० च्या दशकात आला, नखाएवढा तुकडासुद्धा बोट चिमटून रक्त काढतो. इलेक्ट्रोमॅग्नेटचं वेगळंच, तारेत करंट आहे तोवर चुंबक, बंद केला की संपलं, म्हणून तर भंगाराच्या क्रेनला तो लागतो.

ताकद संपत नाही म्हणतात, तीही संपते. तापवलं की अणूंची शिस्त मोडते. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला जातं, आणि साधा नियोडायमियम ८० अंशांच्या वर गेला की कमजोर व्हायला लागतो.

मला खरी काळजी आहे ती छातीवर बांधा म्हणतात त्याची. पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीवर चुंबक ठेवला तर पेसमेकर हृदयाचे ठोके बघायचं थांबवून एका ठराविक वेगाने चालायला लागू शकतो, आणि ठोके बिघडले की हृदयाला शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर चुंबक तिथे आहे तोवर ते शॉक देणंच थांबवू शकतं. घरात असं यंत्र बसवलेलं कोणी असेल तर हा पट्टा त्यांच्या जवळही नेऊ नका, आणि मेसेज पाठवणाऱ्यालाही हे सांगा प्लीज.