तपासणी कडक असू द्या, पण नियम तरी एकच असू द्या

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीविषयी बोलायला गेले की कोणीतरी लगेच ‘हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे’ असे ऐकवतो, म्हणून आधीच सांगून टाकतो की तपासणी कडक असण्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले आणि त्यानंतर, २००० सालापासून, देशातील विमानतळ टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आले. तो इतिहास ज्याला ठाऊक आहे, तो रांगेत दहा मिनिटे जास्त उभे राहायला लागले म्हणून कुरकुर करणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की जी वस्तू एका विमानतळावर बिनबोभाट आत जाते, तीच दुसऱ्या विमानतळावर, किंवा त्याच विमानतळावरच्या शेजारच्या रांगेत, अडवली जाते आणि त्याचे कारण मात्र कोणीही सांगत नाही.

आम्हा कोकणवाल्यांना हा अनुभव जरा जास्तच येतो. २०२१ च्या ऑक्टोबरात सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ च्या जानेवारीत गोव्यातला मोपा सुरू झाला, आणि गोव्यातलाच दाबोळी तर पूर्वीपासून होताच. त्यामुळे पूर्वी रेल्वेने किंवा एसटीने जाणारे सामान आता विमानाने जाऊ लागले आहे, आणि गणपती आटोपून परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत काय असते हे मी सांगायला नको. नारळ, आगळ (कोकमाचा घट्ट रस), लोणच्याची बरणी, मालवणी मसाला, फणसपोळी आणि वर्तमानपत्राच्या चार पदरांत गुंडाळूनही लपत नाही असा सुका बांगडा.

आमच्याकडच्याच एका विमानतळावर, नाव मुद्दाम देत नाही, माझ्यापुढे एक काकी उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीतून नारळ निघाला. तरुण जवानाने तो कानाशी धरून हलवला आणि विचारले, ‘सूखा है या पानीवाला?’ काकींनी उत्तर दिले, ‘हो देवाचो नारळ आसा, बाबा.’ जवान सभ्य होता, त्याने वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठांनीही तो हलवून पाहिला आणि मग तो बाजूच्या ट्रेमध्ये गेला, तो गेलाच. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माझ्या पिशवीतली आगळाची बाटलीही त्याच ट्रेमध्ये गेली, मात्र अर्धी भरलेली पाण्याची बाटली मला परत मिळाली. दुसऱ्या एका विमानतळावरून हेच आगळ मी हातातल्या सामानात बिनधास्त नेलेले आहे.

नारळाबाबत नियम नाहीत असे नाही. सुक्या नारळात तेलाचे प्रमाण जास्त असते, तो पेट घेऊ शकतो, म्हणून २०२२ मध्ये तो चेक-इन सामानात नेण्यास बंदी झाली. अख्खा नारळ केबिनमध्ये न्यायलाही मनाई असते. पण २०२४ च्या ऑक्टोबरात केरळातल्या शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे देवासाठी डोक्यावरून न्यायच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची मुभा देण्यात आली. ती २० जानेवारी २०२५ पर्यंतच होती आणि तिच्यासोबत एक्स-रे, स्फोटकांच्या अंशाची चाचणी व हाताने तपासणी अशा अटी होत्या. म्हणजे वरून स्पष्ट आदेश आला की तोच नारळ व्यवस्थित तपासून सोडता येतो. आदेश स्पष्ट नसला, किंवा तो रांगेपर्यंत पोहोचलाच नाही, की नारळ कानाशी धरून हलवावा लागतो.

जवानांची बाजूही समजून घेतली पाहिजे. एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात आणि धातू निळे. फणसपोळीची घट्ट वळकटी, मसाल्याची दाबून भरलेली पिशवी आणि स्फोटक हे तिन्ही त्या पडद्यावर नारिंगीच. त्यातून जुन्या यंत्रात चित्र सपाट येते, त्यामुळे लॅपटॉपखाली काय दडले आहे तेही कळत नाही. नव्या सीटी स्कॅनरमध्ये तीच पिशवी सर्व बाजूंनी फिरवून पाहता येते. जिथे जुने यंत्र आहे तिथे लॅपटॉप बाहेर काढा म्हणतील आणि जिथे नवे आहे तिथे राहू द्या म्हणतील, हा फरक मला मान्य आहे. अचानक कोणालाही बाजूला घेऊन पुन्हा तपासणे हेही मान्य आहे, कारण आपल्याला तपासणार की नाही हे घातपात करू पाहणाऱ्याला आधी कळता कामा नये. पण आगळाची बाटली चालते की नाही हे गुपित ठेवून कोणाची सुरक्षा वाढते? १०० मिलिलिटरची मर्यादा २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यावर आली आणि ती आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी आहे. देशांतर्गत रांगेत मात्र ती कधी आठवते, कधी आठवत नाही.

वस्तू गेली तर हळहळ वाटते, माणसाच्या शरीराचा प्रश्न आला की मामला गंभीर होतो. नृत्यांगना सुधा चंद्रन यांना दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, असे त्यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. गुडघ्यात धातूची वाटी बसवलेल्या आमच्याकडच्या आजीचे म्हणणे ऐकायला कोण येणार आहे?

माझी मागणी फार मोठी नाही. चेक-इन काउंटरवर बॅग वजनकाट्यावर असतानाच विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याने ‘नारळ, लोणचे, आगळ, तेल आहे का?’ असे विचारावे, कारण एखादी वस्तू मोठ्या बॅगेत हलवण्याची शेवटची संधी तिथेच असते. तपासणीच्या रांगेत पोहोचेपर्यंत मोठी बॅग पट्ट्यावरून निघून गेलेली असते. कोकणातून नेल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी काय चालते आणि काय नाही याची यादी मराठी-कोकणीत प्रवेशद्वारावर लावावी, आणि अडवलेली वस्तू कोणत्या नियमाने अडवली ते प्रवाशाला एका ओळीत लिहून द्यावे. तोवर, ज्यांची वस्तू अशी गेली असेल त्यांनी सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तारीख, वेळ व विमानाचा क्रमांक न विसरता लिहावा. नुसते ‘नारळ काढून घेतला’ एवढेच लिहिले, तर कोणत्या पाळीला जाब विचारायचा हे तिथल्या अधिकाऱ्यालाही कळणार नाही.